कामगारांचा कैवारी : ठाकूर प्यारेलाल सिंह

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने आपण कधी प्रवास केला असेल, तर गोंदिया व डोंगरगड मागे पडल्यावर राजनांदगावचे स्थानक आपल्या दृष्टीस पडले असेल. तेथून सुमारे सत्तर किलोमीटर पुढे रायपूर लागते. आज छत्तीसगडची राजधानी असलेल्या या शहराचा कारभार १९५६ पर्यंत नागपूरहूनच चालत असे. या दोन गावांशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले, त्या ठाकूर प्यारेलाल सिंह यांची ओळख आज आपण करून घेऊ या. छत्तीसगडात त्यांना आजही आदराने 'त्यागमूर्ती' म्हणतात. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

प्यारेलाल सिंह यांचा जन्म २१ डिसेंबर १८९१ रोजी राजनांदगावजवळील दैहान या गावी झाला. त्यांचे शिक्षण राजनांदगाव, रायपूर, नागपूर व जबलपूर येथे झाले. विद्यार्थिदशेतच स्वदेशीच्या चळवळीने त्यांचे मन वेधून घेतले होते. १९०९ मध्ये, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी राजनांदगावात सरस्वती पुस्तकालय सुरू केले. १९१६ मध्ये ते वकील झाले. बुद्धी होती, पदवी होती, प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. सुखाचा संसार करण्यास याहून अधिक काय हवे होते? परंतु त्यांच्या गावात एक कापड गिरणी होती, आणि तिच्या भोंग्याकडे त्यांना कानाडोळा करता आला नाही.

ही गिरणी १८९० च्या दशकात उभी राहिली व पुढे बेंगॉल नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी व आदिवासी तेथे राबत. दिवसाचे बारा-तेरा तास काम हा तेथील परिपाठ होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली होती. परंतु राजनांदगाव हे संस्थान असल्यामुळे तो कायदा तेथे आपोआप लागू होत नव्हता.

वाचकहो, येथे क्षणभर इंग्लंडकडे पाहू. औद्योगिक क्रांतीच्या काळात तेथील गिरण्यांत लहान लहान मुलेसुद्धा बारा-बारा, चौदा-चौदा तास कामास जुंपली जात. १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला. १८४२ मध्ये स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना भूमिगत खाणकामातून सोडवण्यात आले. १८४७ मध्ये स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांच्यासाठी दहा तासांचा दिवस ठरला. या सुधारणांसाठी वर्षानुवर्षे झटणारा लॉर्ड अॅश्ले, म्हणजे पुढचा लॉर्ड शाफ्ट्सबरी, हा श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पण ज्या गिरणीमालकांनी त्याला विरोध केला, त्यांतील कित्येक जणही रविवारी नेमाने उपासनेस बसत असत, हे आपण विसरू नये. आपल्या अंगावरील वस्त्र कोणाच्या श्रमातून विणले गेले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता, इतकेच.

राजनांदगावात हा प्रश्न प्यारेलाल सिंह यांनी विचारला. १९२० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली गिरणीतील कामगारांनी संप पुकारला व तो पाच आठवड्यांहून अधिक काळ चालविला. हातावर पोट असलेल्या माणसांनी इतके दिवस मजुरीवाचून काढणे म्हणजे काय, याची कल्पना करा. चूल पेटेल की नाही याची चिंता रोजची; तरी कामगार फुटले नाहीत. अखेर कामाचे तास कमी करावे लागले.

पुढे असहकाराच्या चळवळीत त्यांनी वकिली सोडली, राजनांदगावात राष्ट्रीय शाळा काढली आणि गावोगावी चरख्याचा प्रसार केला. १९२४ मध्ये गिरणीत पुन्हा संप झाला. या वेळी गोळीबार झाला व जरहू गोंड नावाचा कामगार प्राणास मुकला. संस्थानाने प्यारेलाल सिंह यांना हद्दपार केले. ज्या गावात ते वाढले, त्याचीच वेस त्यांना बंद झाली. १९२५ पासून रायपूर हेच त्यांचे घर झाले.

रायपुरातही त्यांच्या वाट्याला सुख आले नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३२ मध्ये त्यांच्या घरातील चीजवस्तू जप्त झाली आणि वकिलीची सनदही काढून घेण्यात आली. तथापि रायपूरच्या लोकांनी या सनद गमावलेल्या वकिलाला १९३७ मध्ये आपल्या नगरपालिकेचा अध्यक्ष केले.

त्यांच्या जीवनातील एक गोष्ट मात्र संपाहूनही अधिक विचार करण्याजोगी आहे. केवळ मालकाशी झगडून गरिबाचे दैन्य संपत नाही, हे त्यांनी ओळखले होते. छत्तीसगडचा हातमाग विणकर गिरणीत जात नसे. पण सूत देणारा आणि कापड उचलणारा मध्यस्थ त्याच्या श्रमाचे मोल परस्पर गिळून टाकी. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी छत्तीसगड बुनकर सहकारी संघ स्थापन केला. विणकर व बाजार यांच्यामधील दलालाला बाजूला सारणे, हा त्याचा हेतू होता. छत्तीसगड शासन सहकाराच्या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाने सन्मान देते, तो उगाच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी काँग्रेस सोडली. १९५२ च्या निवडणुकीनंतर नागपूरच्या विधानसभेत ते विरोधी पक्षनेते झाले. पुढे भूदानाच्या कार्यासाठी ते पायी हिंडू लागले. याच पदयात्रेत २० ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रिय वाचकहो, ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली. मग हे सारे जुने झाले काय? १९४८ च्या कायद्याने ठरवलेली आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आजही कायम आहे. पण रायपूरजवळील उरला व सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांत पुष्कळसे काम कंत्राटी मजूर करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिलतरा येथील एका कारखान्यात बांधकाम कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. भाताची कापणी झाली की छत्तीसगडातील कित्येक कुटुंबे पेशगी घेऊन दूरच्या वीटभट्ट्यांवर जातात. आपल्या मराठवाड्यातील ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो ती उचल, तीच ही पेशगी. हजार विटांमागे मजुरी ठरते, म्हणून आईबापांसोबत मुलांचेही हात मातीत जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. परंतु आगाऊ घेतलेले पैसे फिटेपर्यंत माणूस जागचा हलू शकत नसेल, तर त्याला मोकळा कसे म्हणावे?

मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत महाराष्ट्रातून परतणारे असंख्य मजूर रायपूरच्या टाटीबंध चौकातून पुढे ओरिसा, झारखंड व बंगालकडे गेले. आपली घरे, आपले रस्ते बांधणारी हीच माणसे होती. त्यांना काय झाले हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

राजनांदगावच्या कामगाराला आपला मालक कोण हे ठाऊक होते. गिरणीची चिमणी त्याच्या डोळ्यांसमोर उभी होती. आजच्या मजुराला बहुधा ठेकेदारच तेवढा दिसतो, आणि आपल्यालाही मजूर दिसत नाही. प्यारेलाल सिंह यांनी ज्या मध्यस्थाला विणकराच्या दारातून दूर केले, तो नव्या नावाने परत आला आहे.

मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावी, हा नियम आपण पवित्र शास्त्रात वाचतो. तेव्हा घर बांधताना असो वा मंदिराची डागडुजी करताना, ठेकेदाराचे बिल चुकते केले म्हणजे आपले ऋण फिटले असे मानू नका. पाटी वाहणाऱ्या बाईच्या हातात किती पडले, एवढे एकदा तिलाच विचारा.