हॉक्स्टनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन

दरवर्षी ११ एप्रिलला आपण महात्मा फुल्यांची जयंती साजरी करतो. त्याच तारखेला, फुल्यांच्या ७२ वर्षे आधी, म्हणजे १७५५ साली, लंडनच्या कडेला असलेल्या हॉक्स्टन या वस्तीत जेम्स पार्किन्सन यांचा जन्म झाला. जगभर हा दिवस आता पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. हा निव्वळ योगायोग. पण प्रस्थापितांना न जुमानणारी दोन माणसे एकाच तारखेची निघावीत, याची आम्हाला गंमत वाटते.

पार्किन्सन हे नाव आता आजाराचेच झाले आहे. घरातल्या कुणाचा हात थरथरू लागला, पाऊल अडखळू लागले की डॉक्टरांच्या तोंडून ते प्रथम ऐकू येते. या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होऊन गेला आणि त्याला स्वतःला हा आजार नव्हता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वडील जॉन हे हॉक्स्टनमध्येच औषधोपचार करीत. मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला, १७७६ साली लंडन हॉस्पिटलात काही महिने काढले आणि १७८४ मध्ये शल्यचिकित्सक म्हणून मान्यता मिळवली. पुढे जवळजवळ सारे आयुष्य त्याच वस्तीत गेले. आजच्या भाषेत ते गल्लीतले फॅमिली डॉक्टर. गळफास घेतलेल्या एका माणसाला वडिलांसोबत वाचवल्याबद्दल १७७७ साली रॉयल ह्यूमेन सोसायटीचे रौप्यपदक मिळाले होते, तेव्हा वय अवघे २२. जॉन हंटर या त्या काळच्या नामांकित शल्यविशारदाची व्याख्याने त्यांनी १७८५ मध्ये लघुलिपीत जशीच्या तशी उतरवून घेतली. ऐकलेले आणि पाहिलेले टिपून ठेवायची ही सवय पुढे कामी आली.

पण डॉक्टरकी एवढेच त्यांचे जग नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचा तो काळ. सामान्य माणसाला मताचा हक्क हवा, म्हणून लंडन कॉरस्पॉन्डिंग सोसायटी नावाची संघटना उभी राहिली होती. पार्किन्सन तिचे सभासद झाले आणि ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने सरकारवर झोंबरी पत्रके लिहू लागले. १७९४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याला विषारी बाण मारून ठार करण्याचा कट शिजल्याची आवई उठली. या ‘पॉपगन’ कटाच्या चौकशीत त्यांना प्रिव्ही कौन्सिलसमोर शपथेवर उभे करण्यात आले. समोर खुद्द पंतप्रधान पिट. आपल्यावरच उलटेल असे उत्तर द्यायची सक्ती होणार नाही, याची खात्री करून घेतल्यावरच ते बोलले. टोपणनावामागचा लेखक आपणच, हे त्यांनी मान्य केले आणि सहकाऱ्यांची बाजू सोडली नाही. राजद्रोहाला त्या काळी फाशी होती आणि घरी बायकोमुले होती. पुढे आरोप टिकले नाहीत, माणसे सुटली. यानंतर पार्किन्सन हळूहळू राजकारणातून बाजूला झाले. त्याचा दोष आम्ही तरी त्यांना देणार नाही.

मग आली पुस्तके. गरीब घरांसाठी साध्या भाषेत आरोग्याचा सल्ला देणारी, रसायनशास्त्रावरची, १८०५ मध्ये संधिवाताच्या गाउट या प्रकारावर (तो मात्र त्यांना स्वतःला होता), आणि जीवाश्मांवर तीन जाडजूड खंड. १८०७ साली लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. आपल्या देवघरातला शाळिग्राम ज्या अमोनाइट कुळातला, त्याच कुळातल्या एका जीवाश्माला ‘पार्किन्सोनिया’ असे नाव आहे. हयातीत त्यांची कीर्ती होती ती या दगडांमुळे. १८२२ साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने सुवर्णपदक दिले, तेही मुख्यतः याच कामासाठी.

आणि ज्यामुळे आज आपण त्यांचे नाव घेतो, ते १८१७ सालचे पुस्तक? ते जेमतेम ६६ पानांचे. विषय ‘शेकिंग पाल्सी’, म्हणजे थरथरीचा लकवा. त्यात रुग्ण किती, तर सहा. त्यातले दोघे रस्त्यात भेटलेले आणि एक तर नुसता लांबून पाहिलेला!

आम्हाला या पुस्तिकेत सर्वांत मोलाची वाटतात ती ही सहा माणसे. पहिला पन्नाशी ओलांडलेला माळी. आदल्या दिवसांत बागेत फार राबलो म्हणून डावा हात थरथरतो, अशी त्याची समजूत. दुसरा ६२ वर्षांचा, चवड्यांवर कलून चालणारा, काठी नसती तर पावलोपावली पडला असता. तो आपल्या दारूला बोल लावत होता. तिसरा साधारण ६५ वर्षांचा खलाशी. स्पेनच्या तुरुंगात महिनोन्‌महिने ओल्या जमिनीवर झोपल्याचे हे फळ, असे त्याचे म्हणणे. प्रत्येकाने आपापले कारण शोधून ठेवले होते. पार्किन्सननी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि ओळखले की कारणे निराळी सांगत असले तरी आजार एकच आहे.

लांबून पाहिलेल्या गृहस्थाचे वर्णन तर डोळ्यांपुढे उभे राहते. सेवक समोर उभा राहून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. ते मागेपुढे झुलत तोल सावरत, मग इशारा देत आणि एकदम धावत सुटत. सेवक बाजूला होऊन पुढे पळे आणि वीसेक पावलांवर त्यांना झेलायला तयार राही. चालता येत नाही, पण धावता येते! ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे, त्यांना हे वाचताना ओळख पटेल. सहाव्या, ७२ वर्षांच्या रुग्णाला मध्ये पक्षाघात झाला, तेव्हा लुळ्या पडलेल्या बाजूची थरथर थांबली. ताकद परतली तशी थरथरही परतली. हे टिपायला बारीक नजर लागते.

यापूर्वी अशा माणसांकडे पाहून लोक म्हातारपण म्हणत आणि पुढे जात. आपल्याकडेही अजून म्हणतात. कार्यक्रमाला येणारे एखादे काका चहाचा कप हिंदकळतो म्हणून यायचे बंद होतात, आणि आपण वयाचा दाखला देऊन मोकळे होतो.

आजाराचे मूळ कुठे असावे, यावर पार्किन्सननी अंदाज केला: मानेतील मज्जारज्जूचा वरचा भाग आणि तेथून वर लंबमज्जेपर्यंत, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी. शवविच्छेदनाची संधी मिळाली नव्हती. ते काम इतरांनी करावे, अशी विनंती त्यांनी पुस्तिकेतच केली. उपाय म्हणून मानेतून रक्त काढणे आणि फोड आणणे सुचवले. या उपचाराने काही साधले नसते, हे आज कळते.

२१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचे निधन झाले. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. ज्या सेंट लिओनार्ड चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, त्याच्याच आवारात दफन झाले. पुस्तिका विस्मरणात गेली. पुढे अर्धशतकाने पॅरिसच्या शार्को यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले. सगळेच रुग्ण थरथरत नाहीत आणि हा खरा लकवाही नव्हे, म्हणून जुने नाव त्यांना पटत नव्हते.

मूळ सापडायला आणखी वेळ गेला. १९१९ मध्ये त्रेत्याकोफ यांनी दाखवले की मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला, मध्यमेंदूत, ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा जो काळसर पट्टा असतो, त्यातल्या पेशी या रुग्णांत झडलेल्या असतात. या पेशी डोपामाइन तयार करतात आणि हालचालींचा ताल त्यावर चालतो. रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनचा तुटवडा असतो, हे १९६० साली व्हिएन्नात सिद्ध झाले आणि तेथून लेव्होडोपा हे औषध आले. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असते (म्हणून कुणी घरच्या घरी प्रयोग करू नयेत, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची). म्हणजे पार्किन्सनचा अंदाज चुकला म्हणावे, तर २००३ मध्ये ब्राक या जर्मन संशोधकाने मांडले की पुष्कळ रुग्णांत पहिल्या खुणा दिसतात त्या खाली, लंबमज्जेतच.

पार्किन्सन यांचे एकही चित्र उपलब्ध नाही. इंटरनेटवर त्यांच्या नावाने दाढीवाल्या गृहस्थाचा फोटो फिरतो, तो दुसऱ्याच कुणा पार्किन्सनचा. माणसांचे फोटो निघू लागले तेच मुळी १८३९ नंतर, तोवर आपले डॉक्टर जाऊन १५ वर्षे झाली होती. म्हणून या लेखासोबत आम्ही छायाचित्र दिलेले नाही.