हकीम अबू बकर राझी : भट्टीपासून रुग्णाच्या नाडीपर्यंत

राझी हे नाव कानी पडताच तुमच्यापैकी पुष्कळांना इमाम फखरुद्दीन राझी आठवतील. ‘तफ्सीर-ए-कबीर’चे कर्ते ते राझी वेगळे, त्यांचा जन्म या लेखातील राझींच्या मागून जवळजवळ तीनशे वर्षांनी झाला. आजच्या तेहरानजवळ ‘रय’ नावाचे प्राचीन शहर होते. तेथील रहिवासी तो ‘राझी’, म्हणून इतिहासात राझी अनेक झाले. येथे आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत ते हकीम अबू बकर मुहम्मद इब्न जकरिया राझी. अल-बिरूनी यांनी दिलेल्या तारखेप्रमाणे ते हिजरी 251 च्या शाबान महिन्यात, म्हणजे इसवी सन 865 मध्ये जन्मले. युरोपने त्यांना ‘राझेस’ म्हटले आणि कित्येक शतके त्यांचे ग्रंथ आपल्या विद्यापीठांत शिकवले.

त्यांच्या बालपणाविषयी विश्वसनीय असे फारच थोडे हाती लागते. तरुणपणी ते वाद्य वाजवीत, सराफीचा व्यवसाय करीत, असे चरित्रकार लिहितात. वैद्यकाकडे ते वयाची तिशी उलटल्यावर वळले, असेही सांगितले जाते. मात्र एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे. राझी आधी किमियागार होते आणि मागाहून हकीम झाले. त्यांचे वैद्यक समजून घ्यायचे तर प्रथम त्यांच्या भट्टीपाशीच गेले पाहिजे.

हलक्या धातूचे सोने करता येईल, असे त्या काळच्या किमियागारांप्रमाणे राझींनाही वाटत असे. ते लपवण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे ‘किताबुल असरार’ आणि ‘सिर्रुल असरार’ हे ग्रंथ उघडले की एक निराळाच माणूस समोर येतो. इतर किमियागार कोड्यांत आणि गूढ संकेतांत लिहीत. राझी हत्यारांची यादी देतात. भट्टी, भाता, मूस, चिमटा, अर्क काढण्याचे भांडे, कोणती वस्तू कशात तापवावी, किती वेळ ठेवावी, हे सारे ते एखाद्या उस्तादाने शागिर्दाला समजावावे तसे नोंदवतात. पदार्थांची विभागणीही त्यांनी त्यांच्या वागण्यावरून केली. पारा, गंधक, नवसागर, हरताळ हे तापवले की उडून जातात, म्हणून त्यांना त्यांनी ‘रूह’ म्हटले. सोने, चांदी, तांबे, लोखंड हे विस्तवात टिकतात, म्हणून ते ‘जसद’. मग दगड, हिराकशीच्या जातीचे पदार्थ, टाकणखाराच्या जातीचे पदार्थ आणि नाना प्रकारचे क्षार. ‘अल्कली’ हा आजचा शब्द अरबीतील ‘अल-किली’, म्हणजे विशिष्ट वनस्पतींच्या राखेतून मिळणारा क्षार, यावरून आला, हे येथे आठवून ठेवण्यासारखे आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या वर्गवारीतील एक कप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. खनिजांच्या जोडीला राझींनी वनस्पतिज आणि प्राणिज पदार्थही त्याच मेजावर मांडले. केस, मेंदू, पित्त, रक्त, दूध, मूत्र, अंडी, शिंग या वस्तूही मुशीत घालून तपासता येतात, असा त्याचा अर्थ. नवसागर खाणीतून मिळतो तसाच केस तापवूनही मिळवता येतो, असे त्यांच्या ग्रंथांत आढळते. आता तुम्ही विचाराल, केसांत नवसागर कोठून आला? उत्तर आजच्या शालेय पुस्तकात आहे. केस हे केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि प्रत्येक प्रथिनात नायट्रोजन असतो. उष्णता दिली की तो अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि नवसागर हा अमोनियाचाच क्षार आहे. केस जळताना जो उग्र दर्प येतो तो त्यातील गंधकाचा. राझींपाशी नायट्रोजन हा शब्द नव्हता. पण खाणीतील वस्तू आणि माणसाच्या डोक्यावरील वस्तू यांच्यात काहीतरी सामाईक आहे, हे त्यांच्या भट्टीने त्यांना दाखवले होते.

आज आपण जाणतो की मानवी शरीराच्या वजनाचा सुमारे शेकडा 96 भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो. उरलेल्यात कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, गंधक, सोडियम, क्लोरीन अशी मंडळी येतात. प्रौढ माणसाच्या देहातील सगळे लोखंड गोळा केले तर ते तीन-चार ग्रॅमच भरेल, पण त्यावाचून रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मातीत जी मूलद्रव्ये आहेत तीच देहात आहेत. तरीही जिवंत प्राण्यात बनणारे पदार्थ प्रयोगशाळेत बनूच शकत नाहीत, असे युरोपातील विद्वान एकोणिसाव्या शतकापर्यंत मानत. 1828 मध्ये फ्रीडरिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मूत्रातील युरिया काचेच्या भांड्यात तयार केला, तेव्हा ती समजूत डळमळली. त्यासाठी त्याने वापरलेल्या पदार्थांपैकी एक कोणता होता, ठाऊक आहे? तोच आपला नवसागर.

पाऱ्याविषयीची राझींची नोंद तर आजही वाचनीय आहे. शुद्ध, वाहता पारा पोटात गेला तर पोट दुखते, पण तो बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो, असे त्यांचे निरीक्षण होते. हे पडताळण्यासाठी त्यांनी एका माकडाला पारा पाजला आणि त्याची वागणूक पाहिली. माकड दात खाऊ लागले, पोट धरू लागले, याहून अधिक काही झाले नाही. मात्र इतर पदार्थांशी मिळवून भट्टीत उडवलेला पारा अत्यंत घातक असतो, तो आतडी कापीत जातो, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. वाचकहो, रसायनशास्त्राचा पहिला धडा येथेच आहे. मूलद्रव्य एक आणि त्याचे संयुग दुसरे. वाहता पारा पाण्यात विरघळत नाही, म्हणून आतड्यातून तो रक्तात फारसा शिरत नाही. त्याचाच क्लोरीनशी संयोग झाला की पाण्यात विरघळणारा जहाल क्षार तयार होतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. उलट उदाहरणही तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू आहे. पण त्या दोघांचे संयुग म्हणजे आपण रोज चिमटीने घालतो ते मीठ. (राझींच्या नोंदीवर विसंबून कोणी पारा हाताळू मात्र नये. पाऱ्याची वाफ फुप्फुसांतून थेट रक्तात जाते आणि ती अपायकारकच असते. घरात जुना तापमापक फुटला तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर ठेवावे आणि तो पारा केरसुणीने झाडू नये.)

याच धड्याचा आपल्या घरांशी संबंध असलेला आणखी एक भाग आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. नाव एक आणि वस्तू दुसरी, असे बाजारात नेहमी घडते. सुरमा या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत शिशाचे संयुग आढळले आहे. शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते आणि बाळ डोळे चोळून तीच बोटे तोंडात घालते. अनोळखी विक्रेत्याकडील कुश्त्याचीही तीच गोष्ट. सुरमा लावणे हे सुन्नत म्हणून आपल्याला प्रिय आहे. पण पुडीवरील नाव वाचून वस्तूची खात्री होत नाही, ती तपासावी लागते. राझींनी आयुष्यभर हेच केले.

आता त्यांच्या धाडसाकडे वळू. त्या काळी वैद्यकात यवन हकीम जालिनूस यांचा शब्द अखेरचा मानला जाई. आग, हवा, पाणी, माती ही चार तत्त्वे आणि खून, बलगम, सफरा, सौदा हे शरीरातील चार अख्लात, यांच्या तोलावर सगळे आरोग्य उभे आहे, अशी ती शिकवण होती. युनानी दवाखान्यांत हे शब्द आपण आजही ऐकतो. राझी स्वतः याच शिकवणीत वाढले, रुग्णांवर उपचारही बहुतांशी तिच्याच आधारे करीत. तरीही त्यांनी ‘अश-शुकूक अला जालिनूस’, म्हणजे जालिनूसवरील शंका, या नावाचा ग्रंथ लिहिला. जालिनूसचे आपल्यावर किती उपकार आहेत हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले, आणि मग एकेक शंका मांडली. कोमट पेय प्यायल्यावर अंगात कधी कधी त्या पेयापेक्षा कितीतरी अधिक उष्णता निर्माण होते. तेव्हा पेयाने नुसती आपली उष्णता शरीराला दिली असे म्हणता येत नाही, शरीरानेच आतून काहीतरी केले असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. दुसरी शंका थेट भट्टीतून आलेली होती. पदार्थांत तेलकटपणा असतो, खारेपणा असतो, गंधकासारखी पेट घेण्याची वृत्ती असते. चार तत्त्वांच्या उष्ण-शीत, कोरड्या-ओल्या गुणांत हे कोठे बसते?

बसत नव्हतेच. खारेपणा म्हणजे काय हे आज कळते. सलाईनच्या एक लिटर बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असते, आणि ते प्रमाण रक्ताच्या खारेपणाशी जुळते म्हणूनच ती शिरेतून देता येते. साधे पाणी तसे दिले तर रक्तपेशी फुगून फुटतील. तेलकटपणा म्हणजे स्निग्ध पदार्थ. प्रत्येक पेशीचे आवरण त्यांचेच असते. आणि अंगातील उष्णता ही अन्नातील कार्बन-हायड्रोजनचा प्राणवायूशी हळूहळू होणारा संयोग आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हॉझिए याने ते फ्रान्समध्ये मोजून दाखवले. राझींना ही उत्तरे मिळाली नाहीत, आणि ती त्यांना मिळाली होती असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या थोर पूर्वजांना सगळेच आधी ठाऊक होते, असे लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. राझींचे मोठेपण त्यांनी योग्य जागी बोट ठेवले यात आहे.

ते प्रथम रय येथील आणि नंतर बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. बगदादमध्ये रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा सडले ती जागा पसंत केली, ही कथा तुम्ही वाचली असेल. ती ज्या अदुदी रुग्णालयाविषयी सांगितली जाते ते त्यांच्या मृत्यूनंतर उभे राहिले, तेव्हा कथेवर फार भार टाकू नये. त्यांच्या लिखाणातील नोंदी तिच्याहून अधिक बोलक्या आहेत. सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची लक्षणे दिसताच काही रुग्णांचे रक्त त्यांनी काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, ते उपायाचा खरोखर उपयोग होतो की नाही हे पाहण्यासाठी. दोन गट करून तुलना करण्याची ही रीत आजच्या औषधचाचणीचा पाया आहे.

आपण ज्यांना देवी आणि गोवर म्हणतो ते दोन रोग पृथक् आहेत, हे लक्षणांसह नीट मांडणारा पहिला ग्रंथही त्यांचाच. येथेही किमियागार जागा होता. द्राक्षाचा रस आंबताना उकळतो, फेसाळतो, तसे लहान मुलांचे कोवळे रक्त उकळून पक्व होते आणि तो उद्रेक त्वचेवर दिसतो, असे कारण त्यांनी दिले. कारण चुकीचे होते. देवी विषाणूमुळे होते. पण शरीराच्या आत पदार्थांचे रूपांतर चालते, ही दृष्टी त्यात होती. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1848 मध्ये निघाला, आणि 1980 मध्ये देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

त्यांच्या श्रद्धेविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नुबुव्वतीविषयी काही विचार त्यांच्या नावावर सांगितले जातात आणि ते कोणत्याही मुसलमानाला मान्य होण्यासारखे नाहीत. ते आपल्यापर्यंत पोहोचले आहेत मुख्यतः त्यांचे प्रतिपक्षी अबू हातिम राझी यांच्या ग्रंथातून, म्हणून त्यांच्या खरेपणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. अल-बिरूनी यांनीही या बाबतीत त्यांना दोष दिला. आणि त्याच बिरूनींनी मोठ्या परिश्रमाने त्यांच्या ग्रंथांची सविस्तर यादी तयार केली. अंतःकरणाचा हिशेब अल्लाहतआला जाणतो. औषधाचा हिशेब मात्र तराजूत करता येतो, आणि तेवढ्यापुरते त्यांच्याकडून शिकायला आपल्या पूर्वसूरींनी संकोच केला नाही.

त्यांची खासगी टिपणे मृत्यूनंतर शिष्यांनी एकत्र केली, तोच ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ. यवन, सुरयानी यांच्याबरोबर आपल्या चरक-सुश्रुतांची मतेही त्यात नोंदलेली आहेत. 1279 मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण झाले. मूळ अरबी ग्रंथ मात्र आपल्या शेजारी, हैदराबादच्या दायरतुल मआरिफने 1955 पासून 23 खंडांत छापला.

या श्रमांची किंमत त्यांनी शरीराने मोजली. एका वर्षात ताविजावरील अक्षरांइतक्या बारीक लिपीत वीस हजारांवर पाने लिहिल्याचे आणि एका मोठ्या संग्रहावर पंधरा वर्षे रात्रंदिवस खपल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. त्यात दृष्टी मंदावली, हाताच्या स्नायूंतील बळ गेले. भट्टीच्या धुराने डोळे बिघडवले, असेही काही जण म्हणतात. अखेरीस मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेस त्यांनी नकार दिला. हिजरी 313 मध्ये, इसवी सन 925 मध्ये, रय येथेच त्यांचे निधन झाले. हात आणि डोळे थकल्यानंतरही अभ्यास थांबला नव्हता. ते दुसऱ्यांकडून वाचून घेत आणि दुसऱ्यांकडून लिहवून घेत.