स्वतःशी बोलणारी मुले

चित्र काढणाऱ्या चिमुकल्याला हवी ती रंगीत पेन्सिल सापडली नाही, की त्याची स्वतःशी चाललेली बडबड जवळजवळ दुप्पट होते, असे लेव्ह व्हिगोत्स्की यांना प्रयोगांत आढळले. ही बडबड वयाबरोबर विरून जाते, असे ज्याँ पियाजे मानत. व्हिगोत्स्कींच्या मते ती मनात उतरते आणि तिच्याच आधाराने मूल स्वतःला आवरायला शिकते.

१८९६ मध्ये जन्मलेले, बेलारूसमधील गोमेल शहरात वाढलेले व्हिगोत्स्की शिकले कायदा. मॉस्कोत मानसशास्त्राच्या कामासाठी त्यांना जेमतेम दहा वर्षे मिळाली, तीही क्षयाशी झगडत. १९३४ मध्ये, ३७व्या वर्षी ते गेले. ‘विचार आणि भाषा’ हे पुस्तक त्यांच्या पश्चात त्याच वर्षी निघाले, पण १९३६ च्या सोव्हिएत फर्मानानंतर दडपले गेले. इंग्रजीत ते आले १९६२ मध्ये.