ज्याँ-बाप्तिस्त लामार्क

ज्याँ-बाप्तिस्त लामार्क (१ ऑगस्ट, १७४४ - १८ डिसेंबर, १८२९) हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ होते. पाठीच्या कण्याच्या आधारे प्राण्यांची पृष्ठवंशीय व अपृष्ठवंशीय अशी विभागणी त्यांनी प्राणिशास्त्रात रूढ केली.

जीवन

लामार्क यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील बाझाँताँ या गावी झाला. वडिलांच्या निधनानंतर १७६१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. पुढे प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना सैन्य सोडावे लागले. त्यानंतर ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. फ्रान्समधील वनस्पतींवरील त्यांच्या १७७८ च्या ग्रंथामुळे त्यांना विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला. १७९३ मध्ये पॅरिस येथे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा कीटक व कृमी या दुर्लक्षित विषयाचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे ४९ वर्षांचे होते.

वर्गीकरणातील कार्य

ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे रक्तयुक्त व रक्तहीन असे दोन गट केले होते. मात्र गांडुळासारख्या कणा नसलेल्या प्राण्यातही लाल रक्त असल्याने हा निकष अपुरा ठरतो. लिनियसने कणा नसलेले सर्व प्राणी कीटक व कृमी या दोनच वर्गांत घातले होते. त्यामुळे कोळी व खेकडा कीटकांत, तर गोगलगाय व तारामासा कृमींत गणले जात. लामार्क यांनी शरीररचनेचा अभ्यास करून कवचधारी, अष्टपाद व वलयी प्राण्यांचे स्वतंत्र वर्ग केले. १८०१ मध्ये त्यांचा अपृष्ठवंशीय प्राण्यांवरील पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८०९ च्या ग्रंथात त्यांनी अपृष्ठवंशीयांचे १० वर्ग मांडले. हयातीत मिळवलेले गुण पुढील पिढीत उतरतात, हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही.

अखेरचा काळ

अपृष्ठवंशीयांवरील त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १८१५ ते १८२२ या काळात प्रसिद्ध झाला. याच काळात त्यांची दृष्टी गेली; अखेरचे लेखन त्यांनी मुलींना सांगून लिहवून घेतले. दारिद्र्यात त्यांचा मृत्यू झाला. दफनासाठी ठरावीक मुदतीचीच जागा मिळाल्याने त्यांचे अवशेष नंतर हलवले गेले. आज त्यांची कबर अस्तित्वात नाही.

महत्त्व

आधुनिक वर्गीकरणात पृष्ठवंशीय हा रज्जुमान संघातील उपसंघ आहे. अपृष्ठवंशीय हा मात्र नैसर्गिक गट मानला जात नाही; कणा नसणे एवढ्याच गोष्टीमुळे फुलपाखरू आणि गोगलगाय परस्परांचे निकटचे नातलग ठरत नाहीत. तरीही सोयीचे नाव म्हणून ही संज्ञा टिकून आहे. ज्ञात प्राणिजातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जाती अपृष्ठवंशीय आहेत.