कॅनॉलच्या रस्त्यावर भेटणारे लक्ष्मणराव

रविवारी सकाळी सायकल घेऊन शिरूरहून निघा. न्हावऱ्याकडे जाणारा डांबरी रस्ता सोडा आणि चिंचणीला घोड धरणाच्या पाण्याकडे वळा. थोड्या वेळानं डांबर संपतं. पुढे मुरूम, खडी, बैलगाडीच्या चाकोऱ्या, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला पाणी. हल्ली अशा रस्त्यांसाठी खास ग्रॅव्हल बाइक मिळते. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकलेलं, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. किंमत ऐकून घरचे आपल्याला घराबाहेर काढतील हा भाग वेगळा. मी भावाच्या जुन्या सायकलवर जाते, बारीक टायरवर, आणि वेड्या बाभळीच्या काट्यानं दोनदा पंक्चर होऊन चालत परत आले आहे.

अशाच एका पंक्चरच्या वेळी पाण्याकडेच्या मोटारीजवळ सावलीत बसले होते. मोटारीवरचं नाव तुम्हीही शंभर वेळा वाचलं असेल. किर्लोस्कर. घोडच्या काठी, भीमेच्या काठी, दौंडच्या कॅनॉललगतच्या विहिरींवर हे नाव दिसतंच. पण या नावाचा व्यवसाय मोटारीपासून सुरू झाला नव्हता. तो सुरू झाला सायकलपासून.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र पोथीत नव्हतं, चित्रं काढण्यात आणि यंत्रं उघडून बघण्यात होतं. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. वय सोळा.

तिथे दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. यात अभ्यास कमी पडला असं नव्हतं. डोळाच साथ देत नव्हता आणि त्यावर औषध नव्हतं. आपल्यापैकी किती जण एका परीक्षेच्या निकालानंतर महिनाभर खोलीबाहेर पडत नाहीत! त्यांनाही वाईट वाटलंच असणार. पण ते गावी परतले नाहीत. रंग गेले तरी रेघ हातात होती. त्यांनी यंत्रांचं आरेखन शिकून घेतलं आणि नव्यानंच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले. आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो ती ही संस्था.

मुंबईतच त्यांनी सायकल पाहिली. तेव्हाच्या सायकलची किंमत होती सातशे ते हजार रुपये, म्हणजे मास्तरांच्या पगारातून घ्यायची वस्तू नव्हेच. दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, ही आपल्या ओळखीची रचना इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये आली होती. टायर मात्र भरीव रबराचे असत. हवा भरलेल्या टायरचं पेटंट डनलॉपनं घेतलं १८८८ मध्ये, आणि किर्लोस्करांचा उद्योग आपला आरंभ त्याच सालापासून मोजतो. बेळगावातलं सायकलचं छोटं दुकान, नाव किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला पाठवायच्या. रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय लोकांना चालवायला शिकवायच्या. शिकवणीची फी पंधरा रुपये! त्या काळी आपल्याकडच्या गावांत डांबरी रस्ता कुठला? जी काही सायकल चालली ती खडी-मुरमावरच चालली. आपण ज्याला नवा खेळ म्हणतो, तो आपल्या पणजोबांचा रोजचा प्रवास होता.

पुढचा दरवाजा बंद झाला तो नोकरीतला. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. १८९७ मध्ये लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकल परदेशात बनायची, आपण फक्त विकायची. आता त्यांना स्वतः काही बनवायचं होतं, आणि तेही शेतकऱ्याच्या उपयोगाचं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर.

इथे खरी परीक्षा होती. लाकडी नांगरापेक्षा लोखंडी नांगर खोल जायचा, माती पलटायचा. तरी कोणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्या शेतकऱ्यांना हसू नका. ज्याची सगळी पुंजी जमीन, तो तिच्यावर अनोळखी प्रयोग कसा करू देईल? ठिबक आलं तेव्हा आपल्याच गावांत काय झालं होतं, ते घरी आजोबांना विचारून बघा.

नांगर जरा चालू लागला, तर १९१० मध्ये बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. चाळिशीतला माणूस, यंत्रं उघड्यावर. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार होते. रंगांनी साथ सोडलेल्या माणसाला शेवटी एका चित्रकारानंच जागा दिली, हा योगायोग मला फार आवडतो. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ मिळाला. पाणी कमी, निवडुंग आणि साप भरपूर. १० मार्च १९१० ला पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे उतरली आणि किर्लोस्करवाडी वसायला लागली.

या वाडीबद्दल वाचताना मी सर्वांत जास्त थांबले ते माणसांपाशी. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना गावात कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती कारखाना सोपवला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हाही दंडक होता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या, निकामी तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून नांगर केले. मग पंप आले. तेच, ज्यांच्या सावलीत मी बसले होते.

पत्रकारिता शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२० मध्ये या कारखान्यातून एक छोटं खबरपत्र निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि १९३० मध्ये 'स्त्री' आलं. नांगराच्या कारखान्यातून निघालेली ही मासिकं मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वाचली गेली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

तर पुढच्या सुट्टीत हा रस्ता पुरा करा. चिंचणीहून परत न्हावऱ्याला या, तिथून चौफुल्याकडे. पुढे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं गवताळ रान. चिंकारा दिसतात, पण सायकल आत न्यायची की नाही हे नाक्यावर विचारून घ्या आणि वाट सोडू नका. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, खडीवर हाताला हिसके कमी बसतात. पंक्चरचं सामान विसरू नका. आणि किर्लोस्करवाडी बघायचीच असेल तर दौंडहून पुणे गाठा. जुनं कुंडल रोड स्टेशन मिरजेकडे जाणाऱ्या मार्गावर आहे, फक्त पाटीवर आता किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे.