आनंदीबाईंचा अर्ज

माझी नात लातूरला नीटची तयारी करते आहे. हा तिचा दुसरा प्रयत्न. महिन्यातून एखाद्या रविवारी मी नांदेडहून एसटीने निघतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोहोचतो, तिला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. मागच्या खेपेला तिने मला एक प्रश्न विचारला. होस्टेलच्या मुलींनी मिळून ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट पाहिला होता. तिला जाणून घ्यायचे होते की आनंदीबाईंना प्रवेशाच्या वेळी मार्क किती होते.

मी हसलो. पण गाडीत बसल्यावर हसू ओसरले. पस्तीसेक वर्षे मी बँकेत अर्ज वाचले. विहिरीचे, बैलजोडीचे, ट्रॅक्टरचे, पिठाच्या गिरणीचे आणि पुढेपुढे मुलांच्या शिक्षणाचेही. कादंबऱ्या लिहिल्या त्या उरलेल्या वेळात. एखाद्या माणसाला हो म्हणायचे की नाही हे त्याच्या कागदावरून ठरवणे हाच माझा धंदा होता. त्यामुळे आनंदीबाईंच्या चरित्रात मला नेहमी खिळवून ठेवते ते त्यांचे बोटीवर पाऊल ठेवणे नव्हे, तर न्यू जर्सीतल्या रोझेल गावातून २८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाला धाडलेले प्रवेशाचे पत्र.

त्या पत्रापर्यंतची वाट आपल्याला साधारण ठाऊक असते. १८६५ साली जन्मलेली, कल्याणच्या जोशांच्या घरातली यमुना. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव, टपाल खात्यातले कारकून, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. तो हट्ट सुधारकाचा होता आणि हुकूमशहाचाही. अभ्यासात कुचराई झाली की ते हात उगारत. पुढे अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण स्पष्टपणे करून दिली. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने हे जोडपे मराठी घराघरांत नेले. एक कादंबरीकार म्हणून मला तिचा हेवा वाटतो; पण कादंबरीतले गोपाळराव एकदा डोक्यात बसले की आनंदीबाई त्यांच्या सावलीत जातात, अशी माझी एक जुनी तक्रार आहे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. स्त्री-वैद्य नसल्याने बायका दुखणी अंगावर काढतात आणि पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

त्याआधीच, १८७८ मध्ये कोल्हापूरहून, बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मिळेल का, अशी विचारणा गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे केली होती. धर्मांतर केले तर मिळेल असे सुचवण्यात आले. गोपाळरावांनी नकार दिला. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेल्या श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती तो अंक लागला. त्यांनी पत्र लिहिले. दोन बायकांची मैत्री टपालातून जुळली. इतक्या मोठ्या गोष्टीची सुरुवात दातदुखीतून व्हावी, हे मी कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने नक्की खोडले असते.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत बिऱ्हाड बंगालमध्ये गेले. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात (आपले नव्हे, कलकत्त्याजवळचे) आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीतून आपण का जात आहोत ते सांगितले. हिंदुस्थानात हे शिक्षण का साधणार नाही याची कारणे दिली आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाहीही दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. नवरा सोबत नाही. जून महिन्यात न्यूयॉर्क. धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या.

आणि मग ते पत्र. अठरा वर्षांची मुलगी. मॅट्रिकचे सर्टिफिकेट नाही, शाळा नावापुरती पाहिलेली, जे काही शिकलेली ते नवऱ्याच्या हाताखाली. अशा अर्जदाराने काय लिहावे? आमच्याकडे कर्ज मागायला येणारे साधारण दोन प्रकारचे असत. एक, सगळे आहे असे दाखवणारे; दुसरे, काही नाही म्हणून रडणारे. आनंदीबाई या दोन्हींत बसत नाहीत. कॉलेजच्या सगळ्या अटी कदाचित मी पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी आधीच कबूल केले. मात्र माझी गोष्ट नेहमीची नाही, तेव्हा थोडे सांभाळून घ्या, अशी विनंती केली. तारण म्हणून दोनच गोष्टी पुढे ठेवल्या. एक, प्रकृती चांगली आहे. दुसरी, आप्त आणि जात यांचा एकजुटीचा विरोध मोडून इथवर आणणारा निश्चय. आणि कर्ज कशासाठी, या रकान्यात म्हणाल तर, ज्या बायका पुरुष वैद्यापेक्षा मरण पत्करतात त्यांना खरे उपचार मिळावेत यासाठी.

माझ्या टेबलावर हा कागद आला असता तर? मला माझी भीती वाटते. अपात्र, असा शेरा मारून मी तो परत पाठवला असता.

फिलाडेल्फियाचे ते महिला वैद्यक महाविद्यालय १८५० पासून चालत होते. बायकांना वैद्यकी शिकवण्यासाठीच ते काढलेले होते, आणि नेहमीच्या दारातून न येणाऱ्यांची त्याला सवय होती. डीन रॅचेल बॉडली रसायनशास्त्राच्या जाणकार, कामाला कडक. त्यांनी प्रवेश दिला. यात निव्वळ दया होती असे समजू नये. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक वैद्यकीय शाळांच्या प्रवेशाच्या अटी ढिल्याच होत्या. आधी पदवी, मग वैद्यकी, असा कडक दंडक घालणारे जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले ते १८९३ मध्ये. म्हणजे दहा वर्षे उशिरा आणि त्या दाराशी गेल्या असत्या, तर आनंदीबाई उंबऱ्यावरूनच परतल्या असत्या. निकष कडक झाले ते चांगल्यासाठीच. अर्धवट डॉक्टरांनी माणसे मारू नयेत म्हणून. पण निकषांना तारीख असते, हे ध्यानात ठेवावे.

आत घेणे ढिले असले तरी बाहेर पडणे सोपे नव्हते. नऊवारी, शाकाहार, पेनसिल्व्हेनियाची थंडी, धड न पेटणारी शेगडी. प्रकृती चांगली असल्याचा दाखला पहिल्या काही महिन्यांतच खोटा ठरू लागला. तरी अभ्यास सुटला नाही. १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लांबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशी पोषाखात, सरळ बघत. त्या कॉलेजने आणखी कुणाकुणाला दार उघडले होते ते त्यातून कळते. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, गोपाळरावही होते.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलने स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. नेमणूक झाली, पण त्या रुजू झाल्याच नाहीत. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्या घराण्याच्या जागेत आनंदीबाईंचा दगड उभा आहे.

बँकेच्या भाषेत हे खाते बुडीत. कॉलेजने गुंतवले, परतफेड शून्य. ज्या रोग्यांसाठी शिकल्या त्यांतला एकही इथे त्यांच्या हातून तपासला गेला नाही. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीची पात्रता मिळवून बाहेर पडल्या आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांनी रोगी तपासले. हिशेब मांडायचा तर त्यांचा मांडावा. तरीही काशीबाई कानिटकरांनी दोनच वर्षांत, १८८९ मध्ये, चरित्र लिहिले ते आनंदीबाईंचे. एका बाईने दुसऱ्या बाईचे लिहिलेले चरित्र. मराठीत तोवर असे काही फारसे घडले नव्हते. ते वाचून किती मुलींच्या घरात पाटी-पेन्सिल आली, हे कुठल्या लेजरमध्ये पडणार?

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. आज आमच्या मराठवाड्यात हा अर्जच उरलेला नाही. आहेत ते १८० प्रश्न आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. का व्हायचे आहे डॉक्टर, असे कुणी विचारत नाही. मला पूर्वी याचा फार राग येई. आता तितका येत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा आनंदीबाईंचे पत्रच आहे. ते पत्र वाचले गेले, कारण ते कार्पेंटरबाईंच्या घरातून गेले होते. ज्या यमुनेला गोपाळराव नव्हता आणि दाताच्या दवाखान्यात जिचे पत्र कुणी वाचले नाही, तिचे काय? मुखेडच्या किंवा रेणापूरच्या सालगड्याच्या मुलीला मुलाखत देऊन, शिफारस आणून, सफाईदार इंग्रजीत हेतू सांगून प्रवेश मिळवा म्हटले असते, तर ती कुठे पोहोचली असती? बैठक क्रमांकाला बाप नसतो, आडनाव नसते. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नव्वदच्या दशकात ‘लातूर पॅटर्न’ गाजवला तो याच जोरावर. आधी बारावीचे मार्क, मग सीईटी, मग नीट. चाळणी बदलली तरी आमच्याकडची पोरे त्यातून पडत राहिली.

चाळणीही काही निर्मळ नव्हती. कितीतरी वर्षे राज्यात सत्तर-तीसचे सूत्र होते. त्या त्या विभागातल्या वैद्यकीय जागांपैकी सत्तर टक्के तिथल्याच विद्यार्थ्यांना. ऐकायला न्याय्य. पण मराठवाड्यात कॉलेजेच कमी. नांदेडचे सरकारी कॉलेज १९८८ चे, लातूरचे त्यानंतरचे. परिणामी इथला पोरगा आणि मुंबईचा पोरगा यांचे गुण सारखे असले तरी एकाला जागा मिळे, दुसरा घरी बसे. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. तशी घोषणा करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच. आणि २०२४ मध्ये नीटच्या गैरप्रकारांच्या तपासाचे धागेही लातूरपर्यंत आले, हेही लपवायला नको.

एक गोष्ट मात्र माझ्या खात्यावर आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी शैक्षणिक कर्जाचे काम पाहत होतो. एक शेतकरी मुलीला घेऊन आला. थोड्या मार्कांनी तिचा नंबर हुकला होता. एक वर्ष शहरात राहून पुन्हा परीक्षा द्यायची होती, त्यासाठी त्याला कर्ज हवे होते. योजना चांगली होती. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. पण अट अशी की प्रवेश आधी मिळालेला पाहिजे. मी त्याला प्रवेशाचे पत्र घेऊन या, लगेच करून देतो, असे सांगितले. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. मुलगी सगळा वेळ समोरच्या छापील अर्जाकडे बघत होती. मी तिला एक शब्दही विचारला नाही. विचारायला त्या अर्जात रकाना नव्हता. ते दोघे पुन्हा आले नाहीत. तिचे नावही मी नोंदवून ठेवलेले नाही.

पुढच्या खेपेला मी नातीला ते पत्र समजावून सांगितले. मार्क नव्हते म्हटल्यावर तिला नवल वाटले, थोडा हेवाही वाटला असावा. मग तिने एक शंका काढली. प्रकृती चांगली आहे असे आनंदीबाईंनी लिहिले, ते त्यांना खरे वाटत होते, की प्रवेश मिळावा म्हणून लिहिले? बंगालमध्येच त्यांना डोकेदुखी, ताप, धाप यांनी घेरले होते, एवढे मला माहीत होते. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात टेस्टची वेळ झाली म्हणून ती उठली. जाताना म्हणाली की पुढच्या वेळी धपाट्यांत मिरची जरा कमी घालायला सांगा; बाजूच्या खोलीतली मुलगी विदर्भातली असूनही तिला सोसत नाही.