देवी अहल्याबाई : जगण्याचे व्रत

मनुष्यापुढे पाप आणि पुण्य अशा दोन उघड वाटा असत्या, तर निवड करणे फारसे अवघड नव्हते. खरी परीक्षा होते ती दोन्ही वाटा धर्माच्याच वाटू लागतात तेव्हा. कुरुक्षेत्रावर अर्जुनाची हीच स्थिती झाली. शस्त्र टाकून भिक्षेवर निर्वाह करणे त्याला पुण्यकर वाटले आणि भगवंतांनी त्या पुण्याच्या मोहातूनच त्याला बाहेर काढले. रणांगण सर्वांच्याच वाट्याला येत नाही. परंतु दुःख कोसळले असता सुटून जावे की राहावे, हाती आलेले धन आपले मानावे की दुसऱ्याची ठेव मानावी, हे प्रश्न प्रत्येक गृहस्थाच्या दारी केव्हा ना केव्हा येऊन उभे राहतात. देवी अहल्याबाई होळकर यांच्या चरित्रात या प्रश्नांची उत्तरे आचरणाने दिलेली आढळतात.

अहल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या लहानशा गावी झाला. त्या जिल्ह्याला आज त्यांचेच नाव आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. बालवयातच त्यांचा विवाह मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी झाला आणि पाटलाची कन्या माळव्यातील एका पराक्रमी सरदाराच्या घरी सून म्हणून आली. मालेराव हा पुत्र आणि मुक्ताबाई ही कन्या, अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

१७५४ साली सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहल्याबाईंची तेव्हा तिशीही उलटली नव्हती. पतीच्या चितेवर देह ठेवणे हीच कुलवतीची कीर्ती, असे त्या काळचा समाज मानीत असे, आणि अहल्याबाईंनीही तोच निश्चय केला. तेव्हा एकुलता एक पुत्र गमावलेले वृद्ध मल्हारराव सुनेपुढे पदर पसरून उभे राहिले. आता तीच आपला पुत्र आहे, तीही गेली तर या घराला आणि राज्याला आधार उरणार नाही, अशी त्यांनी विनवणी केली. अहल्याबाई थांबल्या. जग आपल्याला काय म्हणेल, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण एका बाजूस स्वतःची कीर्ती होती आणि दुसऱ्या बाजूस दोन लेकरे, शोकाकुल सासू-सासरे आणि प्रजा होती. त्यांनी कीर्ती सोडली आणि कर्तव्य स्वीकारले.

येथे मल्हाररावांचीही थोरवी लक्षात घेतली पाहिजे. सुनेला केवळ जिवंत ठेवून ते थांबले नाहीत. त्यांनी तिच्या हाती काम दिले. वसुली, हिशेब, दारूगोळ्याची तरतूद, तोफखान्याची रवानगी, असे एकेक दायित्व ते तिच्यावर सोपवीत गेले. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याविषयीच्या सूचना सुनेला दिलेल्या दिसतात. कोपऱ्यात बसविण्याची ज्यांना रूढी होती, त्या विधवेवर त्या घराने राज्याचा भार विश्वासाने ठेवला.

१७६६ साली मल्हारराव निवर्तले. मालेराव गादीवर आले, परंतु त्यांच्या वर्तनाने मातेला सुख झाले नाही, आणि वर्षाच्या आतच, १७६७ साली, तेही मृत्यू पावले. आता दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन बाईंनी निवृत्त व्हावे, असा आग्रह धरला. वरवर पाहता ही सूचना शास्त्राला आणि लोकरीतीला धरून होती. भजन-पूजनात आयुष्य घालविण्याची उत्तम सोय तीत होती. पण अल्पवयी वारसाच्या नावाने सत्ता कोणाच्या हाती जाणार, हे बाईंनी ओळखले. निवृत्तीचा तो मार्ग म्हणजे प्रजेला वाऱ्यावर सोडणे होते. रघुनाथराव पेशवे सैन्यासह चालून येत आहेत असे कळताच त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे धाडली आणि स्वतः युद्धाची सिद्धता केली. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच पक्ष उचलून धरला, आणि रक्तपात न होता संकट टळले. त्यानंतर बाईंनी सैन्याचे अधिपत्य तुकोजी होळकरांकडे सोपविले आणि राज्याचा मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. सत्ता हाती आली म्हणून ती सगळीच आपली असावी, असे त्यांना वाटले नाही.

नर्मदातीरीच्या महेश्वरी राहून त्यांनी पुढे सुमारे २८ वर्षे राज्य केले. आज्ञापत्रांवर त्या स्वतःचे नाव न घालता श्रीशंकराचे नाव घालीत. मालक तो, आपण कारभारी, हीच त्यामागील भावना होती. तिची खरी कसोटी धनाच्या व्यवहारात लागते. होळकरांची खासगी संपत्ती मोठी होती आणि तिच्यावर बाईंचा निर्विवाद अधिकार होता. ती त्यांनी धर्मकार्याकडे लावली. १७८० च्या सुमारास काशीस विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे राहिले. गयेचे विष्णुपद, सोमनाथ, बदरी-केदारापासून रामेश्वरापर्यंतची तीर्थे, तेथील घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे ही सारी त्यांच्या दानाची साक्ष देतात. स्वतःच्या राज्याबाहेर, जेथून एक पैसाही वसूल होणार नव्हता, तेथे त्यांनी हे द्रव्य वेचले.

जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांकडून माहिती मिळवून १८२३ साली मध्य भारतावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसे नेमलेली असत आणि शेतात राबणाऱ्या बैलांनाही पाणी पाजले जाई. पाखरांना टिपण्यासाठी उभी शेते विकत घेऊन राखली जात. निपुत्रिक धनिकाच्या विधवेचे द्रव्य सरकारजमा करण्याची संधी आली असता त्यांनी ते नाकारले. एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकविला. पहाटे उठून पूजा, श्रवण आणि दान, दुपारी दोनपासून सायंकाळी सहापर्यंत दरबार, पुन्हा पूजा व अल्पाहार, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत राज्यकारभार, असा त्यांचा नित्यक्रम होता. देवपूजा आणि लोककार्य यांना त्यांनी एकाच दिवसात बसविले. एकासाठी दुसरे सोडले नाही.

तथापि या चरित्रात एक असा प्रसंग आहे की जेथे वाचकाचे मन थबकते. प्रथम मुक्ताबाईंचा एकुलता एक मुलगा वारला आणि १७९१ साली जामात यशवंतराव फणसे यांचाही अंत झाला. मुक्ताबाईंनी सहगमनाचा निश्चय केला. ज्या मातेने स्वतः जगण्याचे व्रत घेतले होते, तिने कन्येला राहण्यासाठी परोपरीने विनविले. पण कन्येचे म्हणणे असे की, आईचे वय झाले, पती गेला, पुत्र गेला, आईच्या मागे आपण कोणासाठी जगावे? या प्रश्नापुढे मातेचे काही चालले नाही. चिता पेटताना पाहून आलेल्या अहल्याबाईंनी तीन दिवस अन्न घेतले नाही आणि कोणाशी भाषणही केले नाही.

पुढे १८२९ साली बंगाल इलाख्यात ही प्रथा कायद्याने बंद झाली, आणि आज तिच्यात कोणी धर्म पाहू नये हे सांगावयास नको. पण मुक्ताबाईंचा प्रश्न चितेबरोबर जळून गेलेला नाही. अहल्याबाई थांबल्या, कारण त्यांच्या कडेवर लेकरे होती आणि सासऱ्यांनी त्यांच्या हाती काम दिले होते. मुक्ताबाईंपाशी त्या दिवशी यांपैकी काहीच नव्हते. मातेचे प्रेम होते, पण केवळ प्रेमाने उद्याचा दिवस भरत नाही, असे आम्हास वाटते. शोकाने खचलेल्याला धीर धर असे सांगणे सोपे आहे. त्याला जगण्याचे प्रयोजन देणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि ते दुःख येण्यापूर्वीच करावयाचे असते.

अहल्याबाई मात्र त्या आघातानंतरही कर्तव्यापासून ढळल्या नाहीत. चौथ्या दिवशीही महेश्वरी फिर्यादी आले असतील, हिशेब आले असतील. पुत्र, नातू, जामात आणि कन्या गमावलेल्या त्या वृद्धेने आणखी चार वर्षे ते सारे पाहिले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

गृहस्थाश्रमी सज्जनहो, आपल्यापुढे राज्य नाही, पण घर आहे. त्या घरात एखादी विधवा सून, एखादी निराधार बहीण, एखादा खचलेला भाऊ असेल. त्याला अन्नवस्त्र देऊन आपले कर्तव्य संपले असे समजू नये. घराच्या हिशेबात, निर्णयात आणि मानात त्याला वाटा द्यावा. आपल्या तिजोरीतील धन आणि आपल्या हातातील अधिकार ही श्रीहरीची ठेव आहे, असे मानून ती जपावी व वेळ येताच योग्य ठिकाणी पोचवावी. मल्हाररावांनी एका शोकमग्न स्त्रीवर विश्वास टाकला. त्या एका विश्वासातून काशीपासून रामेश्वरापर्यंत किती तहानलेल्यांना पाणी मिळाले, याची गणती कोण करील?